वाशीम जिल्हा मोडला तेव्हा भार कुठे गेला?

१/ १९०५ साली वऱ्हाडातील वाशीम जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. जिल्हा संपला, त्याचे काम शेजाऱ्यांकडे आले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला.

२/ अनेक संगणकांत विभागलेल्या डेटाबेसपुढेही हाच प्रश्न असतो. १९९७ साली डेव्हिड कार्गर व सहकाऱ्यांनी ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ मांडले. नोंदी एका वर्तुळावर, प्रत्येक नोडकडे एक कंस. नोड गेला की त्याचा कंस लगतच्या नोडकडे जातो. बाकीचे जागचे हलत नाहीत.

३/ वाशीमचा भार दोघांनी वाटून घेतला. वर्तुळावर मात्र एकच शेजारी वाकतो. म्हणून ॲमेझॉनच्या ‘डायनॅमो’ने (२००७) प्रत्येक नोडला विखुरलेले अनेक छोटे कंस दिले.

४/ तरीही एखादा नोड दमलाच, तर आधी पाहावे : त्याच्याकडे नोंदी जास्त आहेत, की विनंत्या? नोंदी जास्त असल्यास वाटणी तपासावी. नोंदी सारख्या असूनही विनंत्या जास्त असल्यास बहुधा एकाच किल्लीवर गर्दी असते.

५/ अशा वेळी नवे नोड जोडणे व्यर्थ. किल्लीच फोडावी लागते. ‘जिल्हा’ ही किल्ली असेल, तर ‘जिल्हा आणि तालुका’ करावी : वाशीमचे सहा भाग होतील. निदानाआधी केलेली फाळणी केवळ खर्च वाढवते.