घोटुल

मुरिया गोंडांचे युवागृह. छत्तीसगडमधील बस्तर भागात, मुख्यत्वे कोंडागाव व नारायणपूर परिसरात ही संस्था नांदली. लिंगो या पुराणपुरुषाने ती स्थापन केली, अशी मुरियांची श्रद्धा आहे. सहा-सात वर्षांची मुले-मुली घोटुलात येऊ लागत आणि लग्न होईपर्यंत सभासद राहत. मुलाला चेलिक, तर मुलीला मोटियारी म्हणत.

घोटुलाचा कारभार मुलेच पाहत. मोठी माणसे त्यात सहसा पडत नसत. सभासदाला घोटुलातले वेगळे नाव किंवा पद मिळे. सिरदार हा चेलिकांचा म्होरक्या, बेलोसा ही मोटियारींची म्होरकी. चेलिकांनी लाकूडफाटा आणायचा, मोटियारींनी अंगण झाडायचे. चुकणाऱ्याला दंड ठरलेला. रात्री शेकोटीभोवती नाच-गाणी रंगत, आणि ती बघता बघताच धाकटी मुले थोरल्यांकडून शिकत. चेलिक लाकडी फण्या स्वतः कोरून मोटियारींना देत व मोटियारी त्या केसांत खोवून मिरवत. गावात लग्नकार्य निघाले की घोटुलातील मुले-मुली राबायला आणि नाचायला हजर असत.

मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ (१९४७) या ग्रंथात घोटुलांचे दोन प्रकार नोंदवले. एकात जोड्या ठरलेल्या असत. दुसऱ्यात एकाच जोडीदारात गुंतून राहण्यास मनाई असे. बाहेरच्यांनी जोड्यांच्या याच एका अंगाचा गवगवा केला. घोटुलावर हा मोठा अन्याय झाला, कारण ती आधी जबाबदारीची शाळा होती.

कुमारवय म्हणजे स्वभावतःच वादळ, असे मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये मांडले. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी सामोआतील मुलींच्या अभ्यासावरून (१९२८) ते नाकारले; मानववंशशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांनी १९८३ मध्ये मीड यांच्याच पुराव्यांना आव्हान दिले. या वादात घोटुल अधिक बोलका ठरतो, कारण समाजागणिक कुमारवयात पडणारा फरक पाहायला समुद्र ओलांडावा लागत नाही. शेजारच्या अबुझमाडमधील माडिया गोंडांत मुली युवागृहात झोपत नसत. महाराष्ट्रातील गडचिरोलीत तर गोटुल ही प्रामुख्याने गावाच्या बैठकीची जागा आहे.

निवासी शाळा, बाहेरच्यांची टीका आणि सशस्त्र संघर्ष यांमुळे घोटुल विरळ झाले. आश्रमशाळांनी आदिवासी मुलांना अक्षरे दिली, पण तिथला कारभार मात्र अधीक्षकाच्या हाती राहिला. निदान वसतिगृहाची शिस्त आणि आपसांतले तंटे तरी मुलांच्याच पंचायतीकडे सोपवायला हवेत.