पालापाचोळ्याचे खत

झाडांची गळलेली पाने कुजवून केलेले, बागेची माती सुधारणारे सेंद्रिय खत. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन, दिवेआगर या नारळ-सुपारीच्या पट्ट्यात त्याचे मोल विशेष. किनाऱ्यालगतची रेताड जमीन पाणी धरत नाही, जांभ्याच्या उतारावरील अन्नद्रव्ये मुसळधार पावसात वाहून जातात. कुजलेला पाला दोन्हींवर उपाय ठरतो.

वाळल्या पानांत कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असते. त्यामुळे ती मुख्यतः बुरशीच्या क्रियेने, सावकाश कुजतात. आंबा-फणसाची चिवट पाने कुजायला वर्षभरही लागते. शेणकाला शिंपडल्यास किंवा गिरिपुष्पाचा हिरवा पाला मिसळल्यास हा काळ घटतो. ढीग ओलसर हवा, मात्र पावसाळ्यात झाकलेला, नाहीतर त्याचे सत्त्व निथळून जाते. तयार खत काळपट, भुसभुशीत असते. अन्नद्रव्ये त्यात बेताचीच, म्हणून पोफळीला शेणखताची जोड लागतेच.

कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी पाला जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची, जुनी रीत आहे. राखेतून पालाश मिळते, पण कर्ब आणि बरेचसे नत्र हवेत जाते. इथल्या जमिनीचे हे मोठेच नुकसान होय. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वाड्यांची मोठी हानी केली. झाडांबरोबर पाल्याचा स्रोतही आटला.