वाघ दाखवणारा माणूस

२०२५ पासून जपानच्या रस्त्यांवर एक पाच दारांची चौकोनी गाडी दिसायला लागली आहे. सुझुकीची जिम्नी नोमाड. गाडी जपानी, पण बनते हरियाणात, गुरुग्रामच्या कारखान्यात, आणि तिथून जहाजाने जपानला येते. घोषणा झाल्यावर चार-पाच दिवसांतच सुमारे ५०,००० लोकांनी मागणी नोंदवली आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

या गाडीच्या मोठ्या भावाला आपण सगळे ओळखतो. मारुती जिप्सी! १९८५ साली भारतात आलेली जिप्सी याच जिम्नीच्या घराण्यातली, फक्त जरा लांब. सैन्यात, पोलिसांत ती होतीच, पण आपल्यासारख्यांना ती आठवते जंगलामुळे. टप काढलेली हिरवी जिप्सी, मागे चढत्या उंचीची बाकडी, आणि पहाटेच्या थंडीत स्वेटर-मफलरमध्ये गुंडाळलेले सहा पर्यटक. २०१८-१९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं, तरी व्याघ्र प्रकल्पांत सफारीच्या गाडीला आजही सर्रास ‘जिप्सी’च म्हणतात.

पॉडकास्टवर आपण वाघांच्या आकड्यांबद्दल पुष्कळ बोललो. आज त्या जिप्सीतल्या एका माणसाबद्दल बोलू या. पुढे, चालकाशेजारी बसलेला. खाकी शर्ट, नजर रस्त्याच्या कडेला, मध्येच हात वर करून गाडी थांबवणारा. गाईड. सफारीच्या इतिहासात शिकाऱ्यांची नावं आहेत, राजांची आहेत, व्हाइसरॉयांची आहेत, अलीकडे तर वाघिणींचीही आहेत. जनावर दाखवणाऱ्या माणसाचं नाव मात्र फारसं कुठे सापडत नाही.

सफर आणि सफारी

‘सफारी’ हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचं मूळ आपल्या घरातलंच आहे. अरबीतला ‘सफर’ फारसीमार्गे मराठीत आला आणि आपण सफरीला निघालो. तोच शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत गेला, तिथे ‘सफारी’ झाला, इंग्रजांनी तो उचलला आणि जगभर नेला. जपानीतही तो आता ‘साफारी’ म्हणून रुळला आहे.

हिंदुस्थानात मात्र सफारीच्या आधी शिकार होती. तिचं स्वरूप आज विसरायला झालंय. साहेब किंवा राजेसाहेब मचाणावर बसायचे, पण वाघ त्यांच्यासमोर आपोआप येत नसे. आधी गावातली माणसं माग काढायची. ओल्या मातीतला पंजाचा ठसा पाहून जनावर नर की मादी, किती वेळापूर्वी गेलं, हे सांगायची. मग ठिकठिकाणी रेडा बांधला जायचा. आणि शेवटी हाका. शंभर-दोनशे माणसं ढोल, डबे वाजवत, ओरडत रान उठवायची आणि वाघाला बंदुकीच्या दिशेने रेटायची. हे हाकेकरी पायी असत आणि त्यांच्या हातात बंदूक नसे. जखमी वाघ उलटला, तर आधी सापडायचे तेच. फोटोत मात्र मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा कोण, ते तुम्हाला माहीतच आहे.

या उद्योगाचा आवाका केवढा होता? इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून जास्त वाघ मारले गेले. यात राजेशाही शिकार होती, तशी सरकारी बक्षिसासाठी केलेली शिकारही होती.

वाघ नसलेला देश

आता जरा जपानकडे बघू. इथे इतिहासकाळात जंगली वाघ नव्हता, म्हणजे माग काढणारेही नव्हते. जनावर ओळखणारा माणूसच नसला की काय होतं, हे पाहायला क्योतोच्या निजो किल्ल्यात जा. तिथल्या निनोमारू महालाच्या दर्शनी दालनात सोनेरी पार्श्वभूमीवर वाघ रंगवलेले आहेत. नीट पाहिलंत तर त्यांच्यात ठिपकेवाले बिबटेही दिसतील. कारण त्या काळी जपानमध्ये बिबट्या म्हणजे वाघाची मादी, असा समज होता. चित्रकारांनी पाहिली होती ती आयात झालेली कातडी आणि चीन-कोरियाची चित्रं. बाकी अंगाचा लवचीकपणा, डोळे, हे घरच्या मांजरावरून. १८६० च्या सुमारास एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, ‘वाघ’ म्हणून लोकांना तिकीट लावून जे जनावर दाखवलं गेलं, तो प्रत्यक्षात बिबट्या होता.

हसू येतं, पण आपल्याकडेही जुन्नरच्या उसात बिबट्या शिरला की लोक ‘वाघ आला’च म्हणतात. वारल्यांच्या वाघोबातही दोघे सामावलेले आहेत. फरक इतकाच, की जुन्नरच्या शेतकऱ्याला कुठला वाघ ते पक्कं ठाऊक असतं. पट्ट्यांचा असेल तर तो ‘ढाण्या वाघ’ म्हणतो. एदोतल्या प्रेक्षकाला ते सांगणारं कोणी नव्हतं.

इंदिरा आणि तिची माणसं

१८८२ साली उएनोचं प्राणिसंग्रहालय उघडलं आणि जनावरं जपानी माणसांकडे येऊ लागली. युद्धात, १९४३ साली, बॉम्बहल्ल्यात जनावरं सुटतील या कारणाने तिथली वाघ, सिंहांसारखी मोठी जनावरं मारण्यात आली. तीन हत्ती उपाशी ठेवून मारले. युद्ध संपल्यावर तोक्योच्या मुलांनी हत्ती मागणारी पत्रं लिहिली, ती पंडित नेहरूंपर्यंत पोचली, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण जहाजातून तोक्योला आली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, इंदिरा. शिबाउराच्या धक्क्यापासून उएनोपर्यंत ती चालत गेली. पुढच्या वर्षी फिरत्या प्राणिसंग्रहालयाबरोबर ती थेट होक्काइदोपर्यंत जाऊन आली. म्हणजे उलटी सफारीच. माणसं आपापल्या गावात थांबली आणि हत्तीण फिरली.

ही गोष्ट भारत-जपान मैत्रीच्या भाषणांत नेहमी येते. तिची एक बाजू मात्र कमी ऐकू येते. इंदिरेबरोबर भारतातून माहूतही आले होते. मोठ्या हत्तीणीला कसं बोलायचं, कसं वळवायचं, ते त्यांनी उएनोच्या माणसांना शिकवलं. ती विद्या त्यांच्या हवाली केली आणि ते परतले.

या विद्येची किंमत १९६७ साली कळली. त्या वर्षी इंदिरा खंदक ओलांडून पिंजऱ्याबाहेर आली. कोणाचंच ऐकेना. शेवटी तिचा जुना रक्षक, जो तेव्हा आजारी होऊन रुग्णालयात होता, त्याला आणावं लागलं. त्याने सांगितलं आणि ती मुकाट्याने परत गेली. थोड्याच दिवसांत तो वारला. इंदिरा त्यानंतर १९८३ पर्यंत जगली.

तोक्योतच आणखी एक गोष्ट घडली होती. १९६४ साली तामा प्राणिसंग्रहालयाने ‘लायन बस’ सुरू केली. सिंह मोकळे आणि माणसं बंद बसमध्ये. प्राणिसंग्रहालयात अशा सफारीचा जगातला हा पहिला प्रयोग मानला जातो. ७० च्या दशकापासून मियाझाकी, क्यूशू, गुन्मा, फुजी अशी सफारी पार्क निघत गेली. तामाच्या बसला बाहेरून मांस लावलेलं असतं, म्हणून सिंह काचेशी येतात. तिथे माग काढावा लागत नाही. तिकीट काढलं की सिंह दिसणारच.

आपल्याकडेही पूर्वी काही उद्यानांत रेडकू बांधून पर्यटकांना वाघ दाखवत. पुढे ते बंद झालं. आणि वाघ दिसेलच याची खात्री संपली, तसं गाईडचं महत्त्व वाढलं.

जंगल ज्यांचं होतं

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाट होतं. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले होते. २०२२ च्या अंदाजात सरासरी आकडा ३,६८२ होता, त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात. हे यश खरं आहे आणि ते मोठं आहे.

पण ताडोबा हे नाव कुठून आलं? तारू या गोंडांच्या देवावरून. कथा अशी, की तारू हा गावाचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना तो मेला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरायची. म्हणजे ज्या जंगलाला आपण ‘निर्मनुष्य’ समजून फोटो काढतो, त्याच्या नावातच एक माणूस आहे. त्याची गावंही होती. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गाभा क्षेत्रातली गावं गेल्या दोन दशकांत बाहेर हलवली गेली. २००८ पासून कुटुंबामागे १० लाखांचं पॅकेज होतं, पुढे ते १५ लाख झालं. शाळा, दवाखाना, रस्ता मिळेल म्हणून निघायला तयार असलेलेही होते आणि देव, शेत, मोहाची झाडं सोडवत नाहीत म्हणून अडून बसलेलेही.

आज ताडोबाच्या प्रवेशद्वारांवर जे गाईड भेटतात, त्यांतले पुष्कळ याच टापूतल्या गावांचे. आता त्यांत बायकाही आहेत. ज्या जंगलात आजोबा मध आणि मोहफुलं आणायला जात, त्यात नातू पर्यटकांना घेऊन जातो, आणि तेही गाडीतून. खाली उतरायला परवानगी नाही.

त्याचं काम नेमकं काय? बहुतेक ऐकणं. चितळाचा तीक्ष्ण आवाज आला की कान टवकारायचे, पण चितळ उगाचही घाबरतं. वानराची खाक-खाक आली तर जरा जास्त विश्वास. सांबराने ‘पोंक’ केलं की गाडी वळवायची, कारण सांबर सहसा खोटं बोलत नाही. यालाच गाईडांच्या भाषेत ‘कॉल’ म्हणतात. मग रस्त्यावरचा माग, पाणवठ्याची वेळ, कुठल्या वाघिणीचे बछडे केवढे झालेत याची उजळणी. हाकेकऱ्यांची हीच विद्या होती. तेव्हा ती बंदुकीसाठी वापरली जायची, आता कॅमेऱ्यासाठी.

दंड कोणी भरायचा?

आणि इथेच अडचण आहे. दोन दिवसांची रजा, महागडी खोली, तीन सफारींचे पैसे भरून आलेल्या माणसाला वाघ हवा असतो, जवळून हवा असतो. ‘अजून थोडं पुढे घ्या ना भाऊ.’ बक्षिसी त्यावर ठरते. गाईडला नियम माहीत असतात, अंतरही माहीत असतं. पण त्याच्या मागे सहा माणसं उभी असतात.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी जिप्सींच्या मध्ये अडकले. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पहिली कारवाई झाली ती चालक आणि गाईडांवर, निलंबन आणि दंड. चूक त्यांची होतीच. पण गाडी पुढे घे म्हणणारे आवाज कुठल्या पंचनाम्यात येत नाहीत.

याआधी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. पुढे गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन, अशी मर्यादा घालून ते पुन्हा सुरू झालं. त्या मधल्या काळात सगळ्यांत आधी ज्यांची रोजी बुडाली, तेही हेच लोक. आणि संध्याकाळी आपण रिसॉर्टवर परततो तेव्हा ते त्याच जंगलाच्या काठावरच्या घरी जातात. चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपत्ता, मोहफुलं वेचायला गेलेली माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वाघांच्या खुणांची पायी पाहणी करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. वाघासोबत राहण्याची जोखीम आणि वाघ पाहण्याचा आनंद यांची वाटणी अशी आहे.

म्हणून सफारीला जाऊच नये का? तसं मुळीच नाही. पर्यटनाच्या पैशावर मोहर्ली, कोलारा अशा गावांतली घरं चालतात, आणि वाघ जिवंत राहण्यात गावाचा फायदा असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण आपल्यापैकी बरेच जण डिसेंबरच्या सुट्टीत घरी जातात आणि भाचरांना घेऊन ताडोबा किंवा पेंच गाठतात. तर तेवढ्यापुरतं सांगतो. ताडोबा मंगळवारी बंद असतं, तिकिटं खूप आधी काढावी लागतात आणि गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही. गाडीत बसलात की गाईडला नाव आणि गाव विचारा. आपल्याला मराठी येतं, हा केवढा फायदा आहे! परदेशी पर्यटकाला तो ‘टायगर, लेफ्ट साइड’ इतकंच सांगू शकतो. आपल्याला तो झाडांची नावं, तारूची कथा, उठवलेल्या गावाची जागा, सगळं सांगेल. आणि निघताना एक वाक्य बोलून टाका : वाघ नाही दिसला तरी चालेल, भाऊ. बक्षिसी ठरलेली आहे.

एवढं ऐकल्यावर त्याला गाडी योग्य अंतरावर थांबवणं सोपं जातं.