तिकीट खिडकीवरचा इतिहास

मंडळी, जुनं एकपडदा थिएटर बघायला गेलो की आपली नजर आधी वर जाते. घुमट, जिना, गोलाई दिलेले कोपरे, दर्शनी भागावरची अक्षरं. मग फोटो निघतात. आज आम्ही तुम्हाला जरा खाली बघायला सांगणार आहोत. तिकीट खिडकीपाशी दोन पाट्या असतात, एक दरांची आणि एक खेळांच्या वेळांची. थिएटर कुणी बांधलं हे इमारत सांगते. ते कुणाच्या उपयोगी पडलं, हे या पाट्या सांगतात.

मुंबईत तर ही गोष्ट अगदी पहिल्या महिन्यापासून दिसते. 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट सरसकट एक रुपया. त्या काळी रुपया ही मोठी रक्कम, म्हणजे प्रेक्षक कोण असणार हे ठरलेलंच. पण थोड्याच दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि दर फुटले: चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली. सिनेमाला सामान्य माणसाचं दार उघडलं ते तिथे.

या दरपत्रकातून थिएटरची रचना घडली. खाली पडद्याजवळचा स्टॉल, त्याच्या मागे किंवा वर ड्रेस सर्कल, सगळ्यांत वर बाल्कनी. आता यात समता होती असं कुणी म्हणू नये. बाल्कनीवाला आणि पिटातला एका रांगेत कधीच बसले नाहीत. पण छप्पर एक होतं, वेळ एक होती आणि शिट्टी खालून वाजली तरी ती वरपर्यंत ऐकू जायची. उच्चनीचता होती, पण आमनेसामने होती.

आता मराठा मंदिरकडे येऊ. मुंबई सेंट्रल स्थानकासमोर, एसटी आगाराला लागून असलेलं हे थिएटर 1958 साली सुरू झालं. हजारावर खुर्च्या. 5 ऑगस्ट 1960 ला इथेच 'मुघल-ए-आझम' झळकला. तिकिटासाठी लोक फुटपाथवर मुक्काम ठोकून होते, घरून डबे येत होते, असं त्या दिवसांचं वर्णन केलं जातं. पुढे 20 ऑक्टोबर 1995 ला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' लागला आणि डिसेंबर 2014 मध्ये त्याने 1000 आठवडे पूर्ण केले.

याला आपण प्रेक्षकांचं प्रेम म्हणतो. ते आहेच. फेब्रुवारी 2015 मध्ये खेळ बंद करायचं ठरलं, तेव्हा लोकांच्या आग्रहामुळेच ते पुन्हा सुरू झाले. पण वेळेची पाटी बघा: सकाळी साडेअकराच्या सुमाराचा खेळ. जागा बघा: रेल्वे आणि एसटी, दोन्ही हाकेच्या अंतरावर. आणि दर बघा: 2014 च्या आसपास बाल्कनीचं तिकीटसुद्धा वीस रुपयांच्या घरात. सकाळी गावाहून उतरलेला, रात्रीच्या गाडीची वाट बघणारा, कामाच्या शोधात आलेला, किंवा एकांतासाठी दुसरी जागा नसलेली जोडपी. या सगळ्यांना तीन तास सावलीत बसायची हक्काची जागा शहरात दुसरी कुठे मिळते? सिनेमा तोच राहिला, पण समोरचं स्टेशन रोज नवा प्रेक्षक आणत राहिलं.

याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवू. रीगल 1933 चं, इरॉस 1938 चं. दक्षिण मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह 2018 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ही दोन्ही थिएटरं आहेत. इरॉस काही वर्षं बंद होतं. 2024 मध्ये ते आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडलं. इमारत वाचली याचा आम्हाला मनापासून आनंद आहे, कारण गिरगावचं मॅजेस्टिक, जिथे 1931 साली 'आलम आरा' लागला, ते आज उरलेलं नाही. पण वारशाच्या यादीत दर्शनी भाग लिहिता येतो, दरफलक लिहिता येत नाही.

एकपडदा थिएटरं का मिटली, याचं उत्तर बहुतेक जण 'टीव्ही आला, मोबाईल आला' असं देतात. ते अर्धं खरं आहे. 2001 च्या सुमारास राज्याने मल्टिप्लेक्सना पहिली काही वर्षं करमणूक करात मोठी सवलत दिली. जुनी थिएटरं जबर कर भरत राहिली. हजार खुर्च्यांचं सभागृह, त्याची वीज, डागडुजी, आणि खाली सोन्याच्या भावाची जमीन. हिशेब जुळणार कसा? म्हणजे या गोष्टीत लोकांच्या आवडीइतकाच धोरणाचाही हात आहे. आणि धोरण माणसं ठरवतात.

तेव्हा पुढच्या वेळी अशा थिएटरात गेलात तर फोटो जरूर काढा. पण आधी तिकीट काढा, शक्यतो स्टॉलचं. दर आणि खेळांच्या वेळा वहीत टिपा, मध्यंतरात शेजारी कोण बसलंय ते बघा. दगडमाती जपायला तज्ज्ञ आहेत. ही नोंद मात्र आपल्यालाच ठेवावी लागेल.