तळटीप १७ : शेवाळ

१७. शेवाळ : गंगाखेड (जि. परभणी) हे संत जनाबाईंचे जन्मगाव गोदावरीकाठी आहे. नदीच्या संथ, उथळ पाण्यात केसांच्या बटेसारखे तरंगणारे, हाताला बुळबुळीत लागणारे हिरवे शेवाळ बहुधा स्पायरोगायराचे असते. त्याला फूल, फळ, बी नाही. एरवी तंतूंचे तुकडे होऊन ते वाढते. हंगाम सरताना मात्र शेजारच्या दोन तंतूंच्या पेशींमध्ये नळी तयार होते आणि एकीतील जीवद्रव्य सरकत दुसरीत जाते. यातून बनलेला जाड कवचाचा युग्मबीजाणू डोह आटला तरी तग धरतो व पाणी आल्यावर रुजतो. मजकुरातील ‘पावसाबरोबर परतलेले’ शेवाळ ते हेच. कोकण किनाऱ्यावरील समुद्रशेवाळांची रीत निराळी : उल्व्हाची दोन्ही युग्मके शेपट्यांनी पोहत एकमेकांना गाठतात. लाल शेवाळांच्या नरपेशींना शेपटीच नसते; त्या पाण्याच्या हालचालीवर अवलंबून असतात. मात्र ग्रॅसिलारिया ग्रॅसिलिस या लाल शेवाळाच्या नरपेशी आयडोटिया हा चिमुकला कवचधारी प्राणीही अंगाला चिकटवून मादीपर्यंत नेतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रयोगाने दाखवले. — संपा.