डुक्कर फियाट आणि तिची धाकटी बहीण

दिवाळीत जमलेली नातवंडे मोटारींवरून वाद घालू लागली, की मला आमच्या चिखलीतल्या एका डॉक्टरांची ‘डुक्कर फियाट’ आठवते. पुढचा गोल, फुगीर चेहरा पाहून लोकांनीच तिचे हे बारसे केले होते. तिचे खरे नाव फियाट ११००, इटलीत ‘मिलेचेन्तो’. दान्ते जाकोसा या अभियंत्याची ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून लवकरच ती आपल्याकडेही निघू लागली. पण वालचंद १९५३ सालीच निवर्तले होते.

तिच्या चारही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला. दारे उघडली, की फुलपाखराने पंख पसरल्यासारखी दिसत. गियरचा दांडा सुकाणूपाशी असल्याने पुढच्या बाकावर तिघे बसत. १९६२च्या पावसाळ्यात एका रात्री आईला कळा सुरू झाल्या, तेव्हा याच बाकावर डॉक्टर, वडील आणि मध्ये मी, असे बसून आम्ही बुलढाणा गाठले. मागे आई आणि आजी. काळ्या मातीच्या चिखलातून गाडी डुलत गेली. पण थांबली नाही.

तिची धाकटी बहीण फियाट १२४. ती इटलीत १९६६ साली आली आणि पुढच्या वर्षी युरोपातली सर्वोत्तम मोटार ठरली. थोरलीच्या मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, धाकटीच्या मागे गुंडाळीच्या. थोरलीला ड्रम ब्रेक, धाकटीला चारही चाकांना डिस्क ब्रेक. दारांच्या बिजागऱ्या पुढे गेल्याने चालत्या गाडीत दार चुकून उघडले, तरी वारा ते मागे ढकली. रशियात व्होल्गाकाठी हीच गाडी १९७०पासून ‘झिगुली’ म्हणून निघू लागली.

आपल्याकडे मात्र ती ‘प्रीमियर ११८ एनई’ होऊन १९८५ साली आली, तीही निस्सानचे इंजिन घेऊन. इटलीतले तेरा वर्षांचे अंतर आपल्याकडे तिसांच्या घरात गेले! परवान्यांच्या त्या राज्यात नव्या गाडीची निकड कोणाला होती? तोवर मारुतीही रस्त्यावर आली होती.

गंमत अशी, की थोरलीच नव्या रूपात टिकली. १९७४ साली तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले; इंजिन तेच १०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात थांबली. स्पर्धा नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की गावोगावचा मिस्तरी पक्कड आणि तार घेऊन तिला चालती करी. धाकटी अधिक गुणी खरी, पण तिला पाहुण्यांसारखे जपावे लागे.

त्या रात्री जन्मलेली माझी बहीण भाऊबीजेला स्वतः गाडी चालवीत येते. थोरली की धाकटी, हा वाद तिच्यासमोर मी काढीत नाही. निकाल ती आधीच देऊन बसलेली असते!