पसरणी घाटाच्या वर : ‘द हेक्टिक्स’ आणि आरंभाचा प्रश्न

रत्नागिरी तालुक्यात मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे पूर्णगड नावाचा एक लहानसा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला, गडउभारणीचे कार्य इथे पूर्ण झाले, म्हणून तो पूर्णगड, अशी कथा परिसरात सांगितली जाते. किल्ल्याचे श्रेय कान्होजी आंग्रे यांना देणारीही एक परंपरा आहे. दोन्हींपैकी खरी कोणती, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, एखाद्या कार्याचा शेवट कुठे झाला हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. ते मागाहून ठरते. आरंभाचेही तसेच आहे. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’च्या प्रयोगापासून मोजतो. पण तंजावरच्या भोसले राजांच्या काळातील मराठी नाटके अभ्यासकांपुढे आली आणि ही आरंभरेषा वादाचा विषय झाली. आरंभ हा घटनेचा गुण नसून इतिहासलेखनाचा निर्णय असतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला अशा वादांतूनच कळते.

हाच प्रश्न आपल्या अभ्यासक्रमाच्या पूर्ण बाहेरच्या एका विषयाला लावून पाहू. ‘क्वीन’ ह्या जगप्रसिद्ध रॉक बँडचा आरंभ कुठे झाला? रूढ उत्तर असे : ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचा ‘स्माइल’ हा बँड १९७० मध्ये मोडला, फ्रेडी त्यांना येऊन मिळाला, आणि २७ जून १९७० रोजी कॉर्नवॉलमधील ट्रुरो गावच्या नगरसभागृहात ते पहिल्यांदा एकत्र वाजले. कार्यक्रम रेडक्रॉसच्या मदतीसाठी होता, तो टेलरच्या आईने ठरवला होता आणि जाहिरातीत नाव अजून ‘स्माइल’च होते. जॉन डीकन तर १९७१ मध्ये आला. म्हणजे ज्याला जन्मप्रयोग म्हणावे, त्यात नावही नव्हते आणि डीकनही नव्हता. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ह्या चित्रपटाने हीच मांडणी घेतली. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’च्या व्यासपीठापाशी सुरुवात करून तो मागे जातो, तो १९७० च्या लंडनपर्यंत.

त्याहूनही मागे गेले की आपण सातारा जिल्ह्यात येतो. फारुख बुलसारा हा मुलगा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारमध्ये जन्मला. वडील बोमी बुलसारा तेथील ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते. कुटुंब पारशी, आडनाव गुजरातेतील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, ह्या गावाची खूण सांगणारे. अरबी समुद्राच्या दोन काठांमधले हे जाणेयेणे पश्चिम किनाऱ्याला नवे नव्हते. गलबतांच्या आणि पुढे आगबोटींच्या मार्गाने व्यापारी, कारकून आणि कारागीर शतकानुशतके त्या वाटेने गेले. फारुखचा प्रवास उलट दिशेने झाला. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास तो बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला शाळेतच मिळाले.

जॉन चेसन ह्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसवलेली पाचगणी ही समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवरची वसाहत. थंड हवेमुळे तिथे आधी युरोपीय कुटुंबे आली, मग निवासी शाळा आल्या आणि १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधामही उभे राहिले. पारशी, इराणी, अँग्लो-इंडियन, नेपाळी, पूर्व आफ्रिकेतील भारतीय अशा अनेक समाजांची मुले घरापासून दूर येथे एकत्र राहत. १९५८ च्या सुमारास सेंट पीटर्समधील अशाच पाच मुलांनी एक बँड जमवला : ‘द हेक्टिक्स’. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी बुलसारा. त्यांचा रंगमंच म्हणजे शाळेचे सभागृह. निमित्त म्हणजे शाळेचे समारंभ. गाणी क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांच्या धाटणीची.

ह्या बँडमधील एक वाद्य विशेष लक्ष देण्याजोगे आहे. इराणी वाजवीत असे ते खर्जाचे वाद्य म्हणजे चहाचे रिकामे लाकडी खोके, त्यावर उभी काठी आणि ताणलेली दोरी. साधारण त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये ‘स्किफल’ संगीताची लाट होती आणि तेथील शाळकरी मुलेही असल्याच खोक्यांवर ठेका धरीत होती. लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील चर्चच्या जत्रेत ६ जुलै १९५७ रोजी जॉन लेननचा ‘क्वारीमेन’ वाजत होता. पॉल मॅकार्टनीची आणि त्याची पहिली भेट त्या दिवशीची. योगायोग असा की ते चर्चही सेंट पीटरचेच. चहाची ती खोकी हिंदुस्थानातील आणि सिलोनमधील मळ्यांतून जगभर जात. साम्राज्याच्या व्यापाराने मागे टाकलेले रिकामे लाकूड लिव्हरपुलात आणि पाचगणीत जवळजवळ एकाच वेळी वाद्य झाले. तेव्हा पाचगणीतील प्रयत्न ही दूरच्या केंद्राची उशिरा आलेली नक्कल होती असे म्हणणे काळाच्या हिशेबाने तरी टिकत नाही.

गाणी डोंगरावर पोचली कशी? रेडिओ हे एक मोठे साधन. १९५२ नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटत गेली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच केंद्रावरून पाश्चात्त्य लोकप्रिय गाणीही लागत. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे फ्रेडी पियानोवर तसेच्या तसे उतरवी, असे त्याचे सहाध्यायी सांगत आले आहेत. मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून त्याला पियानोची स्वतंत्र शिकवणी लागली होती आणि त्या परीक्षांत तो चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला होता.

आता मूळ प्रश्न : हा ‘क्वीन’चा आरंभ मानावा काय? ‘हेक्टिक्स’चा मुख्य गायक फ्रेडी नव्हता, ती जागा ब्रूस मरे याची. पुढे ज्याने वेम्बलीच्या प्रचंड मैदानातील श्रोत्यांना बोटाच्या इशाऱ्यावर खेळवले, तो इथे बाजूला पियानोवर बसलेला होता. दुसरे, मधला धागा तुटलेला आहे. १९६२ च्या सुमारास फ्रेडीने शाळा सोडली. जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. त्यानंतर ईलिंगच्या कलाविद्यालयातील शिक्षण, ‘आयबेक्स’ आणि ‘सॉर मिल्क सी’ हे अल्पजीवी बँड, आणि मग ‘क्वीन’. इतर चौघांपैकी कोणीही त्या वाटेवर नव्हते. ब्रांच अभिनेता झाला आणि १९८५ च्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’मध्ये दिसला, राणा नेपाळच्या सैन्यात अधिकारी होऊन सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला, इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालवले. एका बीजातून एक वृक्ष, ही प्रतिमा इथे लागू पडत नाही.

पण म्हणून शाळेचा तो रंगमंच निरर्थक ठरत नाही. स्नेहसंमेलनाचा रंगमंच म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. १९६३ पासून पुण्यात चाललेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने महाविद्यालयीन मंचावरून किती नाट्यकर्मी पुढे आणले, ते आपण जाणतो. असा मंच कला देत नाही. तो कलेचा प्रसंग देतो. प्रेक्षक ओळखीचे असतात, फजितीची किंमत कमी असते, आणि बुजरा मुलगा तेवढ्या वेळापुरता दुसराच कोणी होऊ शकतो. दातांच्या ठेवणीवरून ज्याची चेष्टा होई आणि आईवडील समुद्रापलीकडे होते, त्या मुलाला ही संधी केवढी असेल, हे ठरवायला मानसशास्त्राची गरज नाही. ‘हेक्टिक्स’चे महत्त्व ‘क्वीन’चा पूर्वज म्हणून नसून असा प्रसंग म्हणून आहे.

आणि येथेच मराठी इतिहासलेखनाला अवघड जाणारा भाग सुरू होतो. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की दहा-बारा किलोमीटरवर वाई. घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव; १९२३ मध्ये तिथे जन्मलेला हा कलावंत पन्नास-साठच्या दशकांत लोकनाट्याला नवे रूप देत होता. खाली वाईत प्राज्ञपाठशाळेची परंपरा होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष वाईचेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाले. म्हणजे एकाच घाटाच्या आसपास, एकाच दशकात, वर चहाच्या खोक्यावर रॉक वाजत होते, पायथ्याच्या गावचा शाहीर डफावर मुक्तनाट्य उभे करीत होता, आणि वाईत नव्या राज्याच्या ज्ञानव्यवहाराची आखणी होत होती. ह्या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रातच घडल्या. पण आपल्या सांस्कृतिक इतिहासाच्या पुस्तकांत दोन येतात आणि तिसरी येत नाही, कारण तो इतिहास आपण भूमीचा म्हणून लिहितो आणि भाषेचा म्हणून निवडतो.

ह्याची भरपाई म्हणून अलीकडे दुसरे टोक गाठले जाते : फ्रेडी ‘आपल्या पाचगणीचा’. ही हक्काची भाषा तितकीच अनैतिहासिक आहे. घाटावरचे आणि घाटाखालचे जग एकमेकांपासून वर्ग, भाषा आणि शुल्क यांच्या भिंतींनी तोडलेले होते. त्या सभागृहात वाईच्या मुलाला जागा नव्हती. स्वतः मर्क्युरीने पुढे ह्या वर्षांविषयी फार थोडे सांगितले. लंडनमधील फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मरणपाटी लागली, झांजिबारमध्ये २०१९ मध्ये संग्रहालय उघडले. स्मारके मागाहून येतात आणि ज्याची त्याची आरंभरेषा पक्की करतात. लिव्हरपूलचा ‘कॅव्हर्न क्लब’ तर १९७३ मध्ये पाडला आणि १९८४ मध्ये पुन्हा बांधला. जागेची आठवण जागेपेक्षा चिवट असते, ती अशी.

पाचगणीला पाटी लागो वा न लागो, अभ्यासकाचे काम निराळे आहे. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात ‘हेक्टिक्स’चा उल्लेख यावा, पण अभिमानाची नोंद म्हणून नव्हे. त्या सभागृहात कोण होते आणि कोण असू शकत नव्हते, दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिता आले पाहिजे. तसा परिच्छेद लिहिला गेला, तर शाहीर साबळे यांच्याविषयीही आपल्याला काही नवे कळेल : आपल्या गावावरून वर जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला काय वाजत होते, आणि ते खाली का ऐकू आले नाही.